ऑलिव्हबद्दल विचारायचं होतं

घोरावाडी, १२ जून २०२४

हिरामावशी, जयभीम.

फोन करणार नाही असं मी राजेंद्रना कबूल केलं आहे आणि तो शब्द पाळते आहे. पत्राबद्दल आमचं काही ठरलेलं नव्हतं. हे पाकीट त्यांनी आधी उघडलं तरी हरकत नाही. यात झाकण्यासारखं काही नाही, एका झाडाबद्दल विचारायचं आहे.

वर ‘आई’ लिहिणार होते. पण संभाजीनगरला निघताना तुम्हीच म्हणालात, “आता आई म्हनू नगं, लोकं हसत्यात.” मावशी म्हटल्यावर कोणी हसत नाही.

मागच्या आठवड्यात खंडाळ्याच्या एका हॉटेलातून ट्रक आला, मागून हायड्रा क्रेन. मुकुल म्हणून तिथले मॅनेजर आहेत, आपल्याकडून दरवर्षी बांबू आणि मोगरा नेतात ते. त्यांच्या मालकांनी लॉनवर लावायला ऑलिव्हची दोन मोठी झाडं आणली होती, थेट स्पेनहून, बोटीने. पिझ्झ्यावर काळ्या चकत्या असतात, वास घेऊन तुम्ही बाजूला काढून ठेवल्या होत्यात, त्याचं झाड. खोड असं, की कोणी भिजलेली गोधडी पिळून उभी केली आहे. शंभर वर्षांचं आहे म्हणतात. घाटातल्या गेल्या पावसात एक मेलं. दुसऱ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा त्यांना आपली नर्सरी आठवली.

“मॅडम, जगलं तर दिवाळीच्या सीझनला न्यायला येतो,” मुकुल म्हणाले. “नाही जगलं तर कळवूही नका. मालक मला फाडून खातील.”

तर झाड लाकडाच्या भल्यामोठ्या खोक्यात आहे आणि खोकं मी रस्त्याकडच्या उंचवट्यावर ठेवलं आहे, जिथं तुम्ही बी वाळवायचात. तिथं ऊन चांगलं आणि वारं मोकळं. पण पाऊस तोंडावर आला आहे. आपल्याकडचा पाऊस घाटातल्यापेक्षा कमी खरा, तरी या झाडाला तोही जास्तच. तुम्ही हे झाड पाहिलेलं नाही, मीही नव्हतं. तरी तुम्ही काय केलं असतं ते सांगा.

वैशाख पौर्णिमेला विहारात कळलं, तुमच्या नव्या सुनेला, चैतालीला, दिवस गेलेत. आनंद झाला. नोव्हेंबर म्हणजे थंडीचं बाळ, अंगाने चांगलं भरतं. आमच्या वेळी तुम्ही मला घेऊन पुण्यातले सगळे दवाखाने पालथे घातलेत, आणि शेवटी “बास झालं, पोरीला आता सुया टोचू नगा” असं म्हणणाऱ्याही तुम्हीच होतात. एवढंच लिहायचं होतं त्याबद्दल.

बाकी मोगऱ्याची कलमं लागली आहेत. गुलाबाला यंदा माव्याची कीड फार.

अमृता

*

घोरावाडी, ७ जुलै २०२४

हिरामावशी, जयभीम.

तुमचं उत्तर आलं. अक्षर गोल, शाळेतल्या बाईंसारखं, म्हणजे तुम्ही सांगितलंत आणि चैतालीने लिहिलं. तुमची बोली तिने तशीच उतरवली आहे, एक शब्द सुधारलेला नाही. ते मला आवडलं. मी वाचताना तुम्ही दारात उभ्या राहून बोलताय असं वाटलं.

आता भांडण. तुम्ही म्हणता, “दोन पाट्या श्यानखत घाल आन गप ऱ्हा.” मावशी, नाही घातलं. हे झाड दगडधोंड्यातलं आहे, त्याला कोरडं माळरान लागतं. खत म्हणजे त्याला अजीर्ण. पण खाली तुम्ही जे सांगितलंत, “झाडाकडं मागनं बग, आदी पानी कुटं जातंय त्ये बग,” त्याच्यावर मी थांबले. आंदर मावळात भातखाचरात वाढलेल्या माणसाला पाण्याचीच वाट आधी दिसणार.

मग पाऊस लागला होता तेव्हा रेनकोट घालून खोक्यापाशी उभी राहिले. वरून पाणी आत जात होतं आणि कुठूनच बाहेर येत नव्हतं. खालची एक फळी पहारीने काढली. आतून काळं पाणी आलं, गटारासारखा वास. हॉटेलवाल्यांनी खोक्याला आतून प्लास्टिक लावलं होतं, लाकूड खराब होऊ नये म्हणून. लाकूड छान राहिलं, मुळं कुजली.

तीन बाजूंच्या फळ्या काढल्या. कुजलेली मुळं बोटांत धरली की साल मोज्यासारखी निघून यायची. ती सगळी कापली. मुरूम, थोडा चुना, विटांचे तुकडे असं घालून उंच बसवलं आणि वर गुलाबाच्या जुन्या पॉलिहाउसचं प्लास्टिक बांबूवर ताणलं. वाऱ्याने ते दोनदा उडालं. एकटीने दोन टोकं धरता येत नाहीत, एवढाच त्रास आहे.

पत्राच्या तळाशी चैतालीने स्वतःची एक ओळ टाकली आहे: “झाड जगलं का ते कळवा.” तिला सांगा, अजून माहीत नाही. तिला उलट्या होतात का अजून? आल्याचा तुकडा चघळायला द्या. तुम्ही देतच असाल.

अमृता

*

घोरावाडी, ४ ऑगस्ट २०२४

आई, जयभीम.

सगळी पानं गेली. मागच्या आठवड्यात झाडाखाली झाडू मारला आणि वर बघितलं तर काहीच उरलं नव्हतं. मग मी करवत घेतली. फांद्या एकेक करत गेले. जिथं नखाने साल खरवडल्यावर आत तपकिरी दिसलं, ते कापलं. आणखी खाली, तरी तपकिरी, तेही कापलं. शेवटी नुसतं खोड राहिलं, आणि वर दोन थोटकं, हात वर करून कोणी उभं असावं तशी. तिथं मात्र सालीखाली हिरवं लागलं. ओलसर हिरवं. मी तिथंच चिखलात खाली बसले.

कापलेल्या जागांना मोरचूद आणि चुन्याचा लेप दिला. निळं-पांढरं होऊन ते आता शेतातल्या बुजगावण्यासारखं दिसतं. रस्त्याने जाणारे थांबून विचारतात, हे काय. मी म्हणते, पाहुणा आहे.

आणखी एक. मंगळवारी दोन माणसं आली होती. चांगली होती बोलायला. रस्त्यापासून मागच्या विहिरीपर्यंत टेप लावून मोजून गेली. एकाने झाडाच्या प्लास्टिकला बांधलेली दोरी ओलांडताना “सॉरी ताई” म्हटलं. मी चहा दिला. राजेंद्रनी पाठवलं होतं असं ते म्हणाले. तुम्हाला माहीत असेलच. सासऱ्यांनी रेल्वेची नोकरी संपल्यावर ही जागा घेतली तेव्हा तुमच्याच नावावर घेतली, सातबाऱ्यावर तुम्हीच आहात, तेव्हा तुम्हाला न विचारता काही होणार नाही. मी काही विचारत नाही. फक्त येऊन गेले, एवढं कळवते.

मोगरा भरपूर आहे यंदा. विहारात रोज एक ओंजळ नेते.

ही चिठ्ठी चैताली वाचून दाखवत असेल तर, चैताली, तुमचं वाचणं आईंना समजेल इतकं सावकाश असू दे. त्या ‘हं’ म्हणतात तेव्हा त्यांना ऐकू आलेलं नसतं.

अमृता

*

घोरावाडी, १५ सप्टेंबर २०२४

चैताली, जयभीम.

तुम्ही स्वतःहून, आईंना न सांगता लिहिलंत, म्हणून हे उत्तर तुमच्या नावे.

तुम्ही विचारता, “तुम्ही आईंना असं काही लिहिलंय का, जे मी वाचलं नाही? ह्यांनी जागा विकायचा कागद सहीला पुढे केला की त्या उठून बाल्कनीत जातात. दोन घास खाऊन ताट सरकवतात. ह्यांना वाटतं तुम्ही त्यांचे कान भरलेत.”

नाही. मी जेवढं लिहिलं ते सगळं तुमच्याच तोंडून त्यांच्यापर्यंत गेलं. माझी त्यांच्यापर्यंत दुसरी वाट नाही. टेपवाली माणसं आली हे लिहिलं, कारण ती आली होती. लिहिलं नसतं तर ते लपवणं झालं असतं.

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ सांगते. मला भीती वाटते. या जागेवर माझा कसलाही कागद नाही. घटस्फोट झाला तेव्हा आई म्हणाल्या, “नर्सरी तू लावलीस, तूच बग,” आणि त्या एका वाक्यावर मी इथं आहे. रोज सकाळी फाटक उघडताना मनात येतं, आज कोणी येऊन सांगेल. तरीही जागा त्यांची आहे. त्यांनी स्वतः मला सांगितलं, की अमृता, रोपं उचल, तर मी उचलीन. कुरकुर करणार नाही. पण ते त्यांच्या तोंडून ऐकेन. राजेंद्रच्या नाही, दलालाच्याही नाही.

राजेंद्र वाईट नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. भाड्याच्या दोन खोल्यांत बाळ आणायचं म्हणजे माणूस घाबरतो. घाबरले की ते घाई करतात. माझ्याही वेळी तसंच होतं.

आईंना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी करून बघा. गव्हाची पोळी त्यांच्या घशाखाली उतरत नाही, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात त्या तसं म्हणणार नाहीत. वासाने तुम्हाला मळमळत असेल तर शेजारणीला सांगा. तुमची आई नाही हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं. सातव्या महिन्यात एकटीने एवढं सगळं पेलताय आणि वर माझी पत्रं वाचून दाखवताय. थांबवायची असली तर सांगा, थांबवेन.

झाडाचं तुम्ही विचारलं होतंत. काल खोडाच्या एका बाजूला, अगदी बुंध्याजवळ, दोन धुमारे दिसले. तांदळाच्या दाण्याएवढे. राखाडी रंगाचे. मी आधी कीड समजून चिमटीत धरायला गेले होते.

अमृता

*

घोरावाडी, २१ ऑक्टोबर २०२४

प्रिय चैताली,

राजेंद्रनी घरी येऊन सांगितलं असेलच. पण ते थोडक्यात सांगतात, म्हणून मी सविस्तर लिहिते.

तू आईंना एसटीत बसवून दिलंस आणि “त्या स्वतः बघून ठरवतील, मग सही” असं राजेंद्रना सांगितलंस, हे मला आईंकडून कळलं. (तू म्हटलं तर चालेल ना? आई म्हणाल्या, “पोर ल्हान हाय तुझ्यापरीस, तुमी-तुमी काय करतीस.”)

शिवाजीनगरहून लोकल धरून त्या एकट्या घोरावाडीला उतरल्या आणि पिशवी घेऊन चालत आल्या. मी कलमं बांधत होते. आवाज आला, “अमृते, ह्ये व्हय त्ये?” बघते तर झाडासमोर उभ्या. “ह्या थोटकापायी येवडी पत्रं लिवलीस?”

मी म्हटलं, “खाली बघा.” त्या वाकल्या. धुमारे आता वीतभर झालेत, पानं वरून हिरवी आणि खालून चांदीच्या वर्खासारखी. त्यांनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं, आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बुंध्याजवळचे धुमारे मी काढणार होते. झाड कलमी असेल तर ते खालच्या रानटी मुळाचे असतात, वरच्या जातीचे नाहीत. आई म्हणाल्या, “मरता मरता जे फुटलं, त्येला रानटी म्हनून तोडतीस?” म्हणून ठेवले. याचा निकाल काही वर्षांनी लागेल.

त्याच आठवड्यात मुकुल आले. झाडाभोवती एक फेरी मारली, फोटो काढला आणि हसायला लागले. “हे गेस्टना कसं दाखवू? मालकांना मी मेलं म्हणूनच सांगितलंय. ठेवा तुम्हीच.” जाताना बांबूची ऑर्डर देऊन गेले.

रविवारी राजेंद्र आले. आम्ही तिघं अंगणात बसलो. त्यांनी पिशवीतून कागद काढले.

“वाचून दाखवतो, आई.”

“वाच.”

त्यांनी सगळं वाचलं. मध्ये एकदा मी पाणी दिलं. वाचून झाल्यावर आई म्हणाल्या, “तुझं चुकतंय असं मी म्हनत न्हाई, राजा. पोर यायचंय, घर पायजेच. पन तू मला इचारलंस कुटं? दलाल सही माग म्हनला तशी मागितलीस. तुझ्या बानं सुदिक मला इचारून जागा घेतली.”

राजेंद्रनी कागदांची घडी केली.

“रस्त्याकडंचा तुकडा इक. त्येचे पैसे तुझे, घर घे. इहिरीकडंचं न्हाई इकायचं. मी हाय तवर तितं रोपं लागतील.”

मी म्हटलं, “आई, रस्त्याकडेच झाड आहे. आताच कुठं धरलंय त्याने.”

“मग हालव की. बोटीत बसून आलंय त्ये. आता इहिरीपतूर जायला काय त्येचे पाय दुकत्यात?”

राजेंद्र हसले. मग मीही.

आई पुढे म्हणाल्या, “आन मागच्या जागंचा कागद कर. भाड्याचा. अमृताच्या नावानं, नीट वकिलाकडनं.”

“तोंडी चालेल की,” मी म्हटलं. “इतकी वर्षं चाललंच.”

“तोंडी काय सांगतीस? तुमचं लगीन तर चारशे मान्सांम्होरं लागलंतं.”

यावर मात्र कोणी हसलं नाही. राजेंद्रनी मान खाली घातली आणि माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “करतो कागद.” निघताना ते झाडाजवळ गेले. “जगेल का गं हे?” मी म्हटलं, “जगलंय.” त्यांनी खोडावर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि रुमालाला पुसला. निळं लागलं होतं.

आईंना ते येत्या शनिवारी घेऊन जातील. तुझे दिवस भरत आलेत, त्या तिथंच हव्यात. मी त्यांना थांबवलेलं नाही.

तुझी,
अमृता

*

घोरावाडी, ५ जानेवारी २०२५

आई, जयभीम.

झाड हललं. राजेंद्रनी शब्द पाळला. कागदही केला आणि हायड्रा घेऊन स्वतः आले. थंडी पडली होती, ऑलिव्ह हलवायला हाच काळ बरा. पट्टे बांधून उचललं तेव्हा मुळांखाली नवी पांढरी मुळं दिसली, शेवयांसारखी. मी ओरडून राजेंद्रना दाखवली. विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथं आपण कधी काही लावलं नाही कारण पाणी टिकत नाही, तिथं ते बसवलं आहे. आता खोडावर वरच्या बाजूलाही फूट आली आहे. फळ येईल का, ते खाण्यासारखं असेल का, मला माहीत नाही. फुलायला लागते तेवढी थंडी इथं पडते का, तेही नाही. रस्त्याकडची जागा गेली, तिथं कुंपण पडलं. दोन दिवस तिकडं बघवलं नाही, आता बघवतं.

चैतालीचं पत्र आणि बाळाचा फोटो मिळाला. मुलीचं कपाळ तुमच्यासारखं आहे. चैतालीने लिहिलंय, “या महिन्याअखेर बारसं आहे, तुम्ही यायचंच. कोण म्हणून यायचं असं विचारू नका, नुसतं या.”

तिला मी वेगळं लिहिते, पण आधी तुम्हाला सांगते, म्हणजे तुम्ही तिला समजावाल. मी येणार नाही, आई. रागाने नाही. फोटो मी उशाशी ठेवला होता, मग उचलून कपाटात ठेवला, मग परत काढला. जूनमध्ये मी तुम्हाला लिहिलं की आनंद झाला. तो झाला होता, पण त्या दिवशी मी विहारातून थेट घरी न येता स्टेशनवर जाऊन बसले होते, लोकल येत होत्या, जात होत्या. चारचौघांत त्या मुलीला मांडीवर घेतलं आणि मला रडू आलं, तर सगळे समजतील मी हेव्याने रडते. थोडा हेवा असेलही. तिला मी घेईन, पण गर्दीत नाही. इथं आली की घेईन, अंगणात, मला वेळ मिळेल तसं.

एवढी पत्रं लिहिली आणि प्रत्येकात सांगत राहिले की मी काही विचारत नाही, काही मागत नाही. आता मागते.

कागद झाला, भाडेकरू म्हणून माझं नाव लागलं, आता मला कोणी उठवणार नाही. तरी संध्याकाळी फाटक लावते तेव्हा घरात कोणाशी बोलावं असं वाटतं आणि कोणी नसतं. इतके दिवस वाटायचं, मला जागा जाण्याची भीती वाटते. जागा मिळाली आणि कळलं की ती भीती जागेची नव्हती.

बाळ जरा मोठं झालं की या. चैतालीला तुमची गरज आहे हे मला माहीत आहे, तिला आई नाही. पण पावसाळ्याचे चार महिने मला द्या. लोकं हसली तर हसू दे. मी त्यांना सांगेन, ही माझी आई आहे, माझ्याकडे आली आहे.

या.

तुमची,
अमृता